सहादूचं नाव

धनूचा तो व्हिडिओ मी पाहिला साळूबाईच्या मोबाईलवर. लग्नाच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ होती. दारातला मांडव अजून सुटायचा होता, आणि शेजारची साळूबाई "बघ की तुझी लेक" म्हणत कौतुकानंच आत आली. तिच्या सुनेनं लग्नात धनूच्या नणंदेचा, पूजाचा नंबर घेतला होता. पूजानं व्हिडिओ स्टेटसला ठेवला होता.

बेलापूरहून पार श्रीगोंद्याच्या पलीकडं दिलेली माझी एकुलती लेक सासरच्या उंबऱ्यावर उभी. पुढ्यात गव्हानं भरलेलं माप. बायका "नाव घे, नाव घे" करतायत. धनूनं ओठ मिटले, "प" म्हटलं आणि तिथंच अडकली. मान ताठ झाली, डोळे मिटले, गळ्याची शीर वर आली. तेवढ्यात मागून कुणीतरी पुरुष एसटीच्या भोंग्यासारखा आवाज काढतो, "पों, पों! सरका बाजूला, गाडी निघाली." आणि सगळं घर हसतं. पण खरा जीव गेला तो पुढचं बघून. कोपऱ्यात आमची लंकाआत्या उभी होती. सगळ्यांत मोठ्यानं तीच हसत होती, वर टाळ्या पिटत होती. तिथंच व्हिडिओ संपला.

हिला मी माझ्या लेकीची पाठराखीण म्हणून पाठवलं होतं. नवरी पहिल्यांदा सासरी जाते तेव्हा माहेरची एक वडीलधारी बाई तिच्यासोबत जाते, दोन-तीन दिवस राहते आणि नवरीबरोबरच परत येते. परक्या घरात आपलं म्हणावं असं एक तोंड. तिचं काम तिच्या नावातच सांगितलेलं आहे. पाठ राखायची. आणि ही टाळ्या पिटत होती.

धनू अडखळते, हे सांगायला हवं. लहानपणापासूनच. सगळ्या शब्दांवर नाही; ओठ मिटून जे अक्षर सुरू होतं त्यावर जास्त, आणि माणसं तोंडाकडं बघत असली की त्याहून जास्त. गोठ्यात शेळीशी बोलताना तिची जीभ पाण्यासारखी वाहते. आणि नशीब असं, की नवरा मिळाला तो पंकज.

आम्ही काही लपवलं नव्हतं. बघण्याच्या कार्यक्रमातच मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, की पोरीचं बोलणं अडतं, नंतर बोल नको. तेव्हा पंकजचे वडील राधाकृष्ण मांडीवर थाप मारून म्हणाले होते, की एवढंच ना, आमच्या घरात बोलायला मी एकटा पुरा आहे; उलट बरंच झालं, ही भांडण सुरू करीपर्यंत समोरची सासू झोपून जाईल. सगळे हसले. त्यांची बायको बनुबाई हसली, धनूही हसली. मला ते घर तिथल्या तिथं आवडलं.

कारण माझं घर तसं नाही. मी मनाला लावून घेणारी बाई आहे. कुणी बोललेलं वाक्य मी वर्षानुवर्षं जपून ठेवते आणि अधूनमधून काढून बघते. राग आला की माझं तोंड सुटतं आणि रडू आलं की चार घरं गोळा होतात. धनूच्या बोलण्याचं मी इतकं मनाला लावून घेतलं, की तिच्याऐवजी माझेच ओठ हलायचे. म्हणून वाटलं, पोर हसत्या घरात पडली तर सुखी होईल. आमच्यासारखं सगळं उरात साठवून जगायला नको.

आणि लंकाआत्या म्हणजे माझ्या दुसऱ्या टोकाची. ती माझी चुलतसासू. गावात वेशीजवळ तिची पिठाची गिरणी आहे. भुवयांवर पीठ, नाकाच्या शेंड्यावर पीठ, आणि गिरणीच्या आवाजावर मात करून करून आवाज असा झालेला की कानात बोलली तरी पलीकडच्या गल्लीत ऐकू जावं. दळणाला आलेल्या बाईला ती कधी नुसती परत पाठवत नाही. एखादीच्या सुनेवरून, एखादीच्या गुडघ्यावरून, स्वतःच्या पडलेल्या दातावरून काहीतरी काढते आणि हसवूनच डबा हातात देते. बायका घरातलं पीठ संपायच्या आधीच दळण घेऊन जातात, त्यातलं निम्मं कारण हे आहे.

मला मात्र तिचा राग यायचा. अळवावरचं पाणी, असं मी तिला मनात म्हणायचे. कशाचाच थेंब अंगावर राहत नाही. सहादूमामा, म्हणजे तिचा नवरा, एके सकाळी ओट्यावर चहा पिता पिता गेला. आजार नाही, दुखणं नाही. कप खाली ठेवायलाही सवड मिळाली नाही. आम्ही सगळ्या बायका छाती पिटून रडलो. ही भिंतीला टेकून बसली, डोळे कोरडे. दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. घाटावर माणसं चुळबुळ करायला लागली, त्याची काय इच्छा राहिली म्हणून एकमेकांना विचारायला लागली. तेव्हा ही म्हणाली, "थांबा जरा. जेवायला हाक मारली की यायला त्यांना उशीरच व्हायचा." घाटावर माणसं हसली. दहाव्याला. मी तो दिवस विसरलेले नाही.

त्याच्या वरताण म्हणजे तिचे उखाणे. नवरा गेलेल्या बाईनं उखाणा घ्यायचा नसतो, हे काय तिला माहीत नव्हतं? पण कुठल्याही लग्नात, डोहाळजेवणात, नव्या सुनेला नाव घ्यायला लाज वाटायला लागली की ही कंबरेवर हात ठेवून पुढं सरकायची.

"गिरणीत पीठ पडतंय जोंधळ्याचं न् बाजरीचं,
सहादूचं नाव घेते, काम हाय का लाजरीचं!"

एक तर असा होता, की तो ऐकला की मी उठून बाहेर जायचे.

"साखरंच्या डब्याला लागली मुंगी,
सहादू गेले निघून, दोरीवर राहिली लुंगी."

बायका पोट धरून हसायच्या. मला लाज वाटायची, तिचीही आणि त्या हसणाऱ्यांचीही. मेलेल्या माणसाची लुंगी ही काय हसायची गोष्ट आहे? नवरा जाऊन महिने झाले तरी तिच्या दारातल्या दोरीवर ती निळी चौकड्याची लुंगी तशीच वाळत होती, उन्हानं विरून गेली होती. आळशीपणालाही सीमा असते, असं मी तेव्हा धनूच्या वडलांना म्हटलेलं आठवतं.

अशा बाईला मी पाठराखीण करणार नव्हते. पण धनू अडून बसली. लहानपणी शाळेतून रडत आली की ती माझ्याकडं यायची नाही, गिरणीत जायची. तिथं लंकाआत्या तिच्या नाकाला पीठ लावायची आणि म्हणायची, हसतील त्यांचे दात दिसतील, तू कशाला तोंड झाकतीस. धनूला ती हवी होती. लेकीच्या लग्नात लेकीचं ऐकावं लागतं, म्हणून मी गप्प बसले.

तर त्या सकाळी व्हिडिओ बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी लंकाआत्याला फोन लावला. मागं भांड्यांचा आणि हसण्याचा आवाज. "सगळं झ्याक हाय," ती म्हणाली, "श्रीगोंद्याच्या उसाइतकं गोड." आणि फोन ठेवला. धनूनं फोन उचललाच नाही.

दुसऱ्या दिवशी तिकडं सत्यनारायण होता आणि त्यानंतर आमच्याकडून मुराळी जाऊन नवरा-नवरीला घेऊन येणार होते. मुराळी म्हणजे मूळ घेऊन, नवरीला आणायला जाणारा भाऊ नाहीतर चुलता. आईनं जायचं नसतं. मी म्हटलं, मी जाणार. धनूचे वडील म्हणाले, लोक काय म्हणतील. मी म्हटलं, लोक काय म्हणतायत ते स्टेटसला आहे, बघून घ्या. दीर गाडीत पुढं बसला, मी मागं. राहुरी गेली, नगर गेलं, दौंडच्या रस्त्याला उसाच्या ट्रॅक्टरमागं गाडी रांगायला लागली, आणि मी मनात वाक्यं रचत होते. निम्मी राधाकृष्णांसाठी, निम्मी लंकाआत्यासाठी. धनूला घरी आणायचं आणि परत पाठवायचं नाही, इथपर्यंत माझं ठरलं होतं.

पोचलो तेव्हा सत्यनारायण आटोपून पंगती बसल्या होत्या. राधाकृष्ण दारात आडवे आले. "विहीणबाई स्वतः! म्हंजे आता मूळ आलं का धाड?" चारचौघं हसली. माणूस वाईट दिसत नव्हता, हेच तर अवघड होतं. वाढप्याला हसवत होते, पोराटोरांना हसवत होते. गावात त्यांचा मान होता तोच मुळी हसवण्याचा. बनुबाईनं माझे हात हातात घेतले.

धनू आतल्या खोलीत बायकांच्या घोळक्यात बसली होती. मला बघून हसली. मी तिला जन्म दिलाय. ते हसणं माझ्या ओळखीचं नव्हतं. ओठ ताणलेले आणि डोळे दाराकडं, आता कोण येतंय म्हणून. मी जवळ बसले तर तिनं माझ्या मांडीवर हात ठेवला. तळवा ओला होता.

लंकाआत्याला मी मागच्या हौदापाशी गाठलं. आवाज खाली ठेवायचा असं ठरवून मी विचारलं, "तुम्ही हसलात कशाला?"

"मंग काय करू?" ती म्हणाली. तिचा आवाज बसला होता. एवढा बारीक आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता. "त्या भोंग्यावर समदी पोरीच्या तोंडाकडं बघत हुती. मी मोठ्यांदा हसले तवा माझ्याकडं बघाय लागली. मंग मी माझा उखाना हाणला आन् तिला आत ढकलली."

"व्हिडिओत ते काही नाही."

"तवर त्या पोरीनं मोबाईल बंद केला आसंल. म्हातारीचं थोबाड कुनाला पायजे?"

रचून आणलेली वाक्यं तोंडातच राहिली. मग तिनं बाकीचं सांगितलं. दोन दिवस हेच चाललं होतं. चहा आणला की नाव घे, ताट वाढलं की नाव घे, देवाला गेलं की पायरीवर नाव घे. धनूनं ओठ मिटले की राधाकृष्ण भोंगा वाजवायचे, पूजा मोबाईल काढायची, आणि घर हसायचं. दर वेळी लंकाआत्या मध्ये पडली, सहादूचं नाव घेतलं, सगळ्यांना आपल्यावर हसायला लावलं. पण त्या दिवशी सकाळी राधाकृष्णांनी तिला हसत हसतच सांगितलं होतं, की पाठराखिणीचे उखाणे पुरे. आज नवरीच्या तोंडून ऐकायचं, तिच्या माहेरच्यांसमोर, त्याशिवाय उंबरा ओलांडू द्यायचा नाही.

"माझं उखानं सरलं भारती," ती म्हणाली. "आन् हसू बी सरलं. काल पोरगी न्हाणीत पानी सोडून रडली. मला म्हनली, आजी, हे रोजच आसंल का गं? मला उत्तर आलं न्हाई."

मी म्हटलं, मग आत्ताच घेऊन जाते, मागच्या दारानं. परत पाठवतंय कोण.

"घिऊन जा. पर तिला तो पोरगा आवडतोय. फोनवर म्हनं तिचं बोलनं संपूस्तवर थांबायचा. येकटा आसला की आजून थांबतोय. मी बघितलंय. बाप हसला की मातर हसतंय. सवय लागलीया."

पंकजला मी दुरून पाहिलं. गाडीत बॅगा ठेवत होता. चांगला उंच, शांत मुलगा. साखर कारखान्यात नोकरी. त्याच्यात मला त्या क्षणी काहीच चांगलं दिसेना. दुरून डोंगर साजरे म्हणतात. जवळून हा डोंगर बापाच्या सावलीत होता.

निघायची वेळ झाली. राधाकृष्णांनी खुर्ची आणून सरळ दारात टाकली आणि बसले. पडवीत माणसं जमली. बायका आतून, पुरुष बाहेरून. धनू उंबऱ्याच्या आत उभी, हिरवा चुडा दोन्ही हातांनी धरून. पूजानं मोबाईल वर केला. "वहिनी, इकडं बघ." माझा दीर उगाच हसत होता, काय करावं ते न कळून. मी धनूच्या पाठीशी होते. माझ्या तोंडात शिवी तयार होती. खोटं कशाला सांगू. पण धनूनं मान जराशी वळवून माझ्याकडं पाहिलं आणि डोळ्यांनीच नको म्हटलं. तिला माहीत होतं, मी एकदा सुटले की हे घर तिला कायमचं तुटणार. आणि मी गप्प राहिले तरी तिच्या प्रश्नाचं उत्तर इथंच ठरणार होतं. आज हे असंच पार पडलं, तर उद्याही हेच. बारशालाही हेच. तिच्या लेकरांसमोरही.

"हं, होऊ द्या सुरू," राधाकृष्ण म्हणाले.

धनूनं श्वास घेतला. ओठ मिटले. "प..."

"पों!"

हसू फुटलं. आणि सवयीनं सगळ्यांच्या माना लंकाआत्याकडं वळल्या. दोन दिवस ह्या घराचं हसणं तिच्याच जोरावर चाललं होतं. आता ही काहीतरी बोलणार, म्हणून माणसं तोंडं उघडी ठेवून थांबली.

लंकाआत्या उंबऱ्यावर खाली बसली. राधाकृष्णांच्या खुर्चीसमोरच. वर बघून म्हणाली, "पाव्हनं, येक इचारू का? ह्यात हसायचं काय हाय, तेवढं मला इस्कटून सांगा."

"अवो आजी, गंमत हाय," राधाकृष्ण म्हणाले.

"व्हय, गंमतच. मी बी जलमभर गंमतच केली, म्हनून इचारते. पोरगी प म्हनली. तुमी पों म्हनला. आता ह्याच्यात हसायचं कुठं आलं? मला समजलं की मी बी हसते."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. राग असता तर त्यांनी तो हसण्यावारी नेला असता, त्यात ते पटाईत होते. ती खरोखर ऐकायला बसली होती, हनुवटी गुडघ्यावर टेकवून, दळणाचा नंबर लागायची वाट बघावी तशी. राधाकृष्णांनी आजूबाजूला पाहिलं. "म्हंजे आसं, की ती... ती प म्हनती, आन् ते एसटीवानी..." ते थांबले. पुन्हा सुरुवात केली. "म्हंजे, तिचं बोलनं..." पुढचं वाक्य त्यांच्या तोंडातून निघेना. कुणी मदतीला आलं नाही. मघाशी हसलेला एकजण पायातली चप्पल बघत होता. दुसऱ्यानं घसा खाकरला.

"सावकाश सांगा," लंकाआत्या म्हणाली. "मला घाई न्हाई."

गोठ्यातल्या गाईच्या गळ्यातली साखळी ऐकू आली. राधाकृष्णांचा चेहरा उतरला होता, आणि आता हा माणूस अपमान झाला म्हणून उठेल, ओरडेल, नवरीला ठेवून घेईल किंवा कायमची हाकलून देईल, असं सगळं एकदम मनात येत होतं. पूजाचा हात हळूहळू खाली आला.

तेवढ्यात धनू पुन्हा म्हणाली, "प..."

कुणी हसलं नाही. ती अडकली होती. मान ताठ, शीर वर, डोळे मिटलेले. माझे ओठ हलायला लागले. मी ते दातांत धरले. पंकज गाडीपासून चालत आला. बापाकडं न बघता सरळ येऊन खुर्चीच्या बाजूला उभा राहिला, धनूच्या समोर.

"होऊ दे तुझं," तो म्हणाला. "मी थांबलोय."

किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. मला तरी तो फार मोठा वाटला. मग धनूनं डोळे उघडले आणि अडखळत अडखळत, पण शेवटपर्यंत म्हणाली:

"प-वर अडते गाडी, लागतो थोडा वेळ,
पंकजचं नाव घेते, घाई ज्याला त्यानं खावी भेळ."

हसावं की नाही ते कुणालाच कळेना. सगळे घाबरून उभे. पहिली हसली ती धनूच. तिचं खरं हसणं, गिरणीत नाकाला पीठ लावल्यावर हसायची ते. मग पंकज हसला. आतून बनुबाईचं हसू ऐकू आलं, आणि लगेच पदराआड गेलं. राधाकृष्ण हसले नाहीत. ते उठले आणि दारातली खुर्ची उचलून बाजूला ठेवली.

त्या एका दुपारनं ते घर बदललं असं मी म्हणणार नाही. जित्याची खोड अशी जात नसते. पण गाडी सुटायच्या आत पूजानं ते स्टेटस काढलं, आणि राधाकृष्ण खिडकीपाशी येऊन धनूला एवढंच म्हणाले, की लवकर ये. त्यापुढं काही जोडलं नाही. लेक परत पाठवायची नाही हे माझं ठरलेलं मी तिथंच, त्या अंगणात सोडून दिलं. सोडताना जड गेलं. मला काहीच सोडायची सवय नाही.

परतीच्या वाटेवर दीर आणि पंकज ड्रायव्हरशेजारी बसले, आम्ही तिघी मागं. मी लंकाआत्याच्या कौतुकाचं काहीतरी बोलायला गेले. तिनं ऐकलंच नाही. खिडकीला डोकं लावून बसली होती. अशी गप्प मी तिला एकदाच पाहिली होती, भिंतीला टेकलेली, सहादूमामा गेला तेव्हा. नगर मागं पडलं. ऊन कलंडलं होतं. मला ते सहन होईना.

मी विचारलं, "आत्या, उखाणे सरले म्हणालात. तुमच्याकडं तर पोत्यानं होते."

"लई हुतं," ती म्हणाली. "वीस वर्सं साठीवलं. दोन दिसांत समदं वतलं."

"पण तुम्ही घेता कशाला? नावं ठेवतात लोक." माझ्या तोंडून निघून गेलं. लोकांत मीही होते, ते तिला ठाऊक होतं.

ती खिडकीकडंच बघत म्हणाली, "तो जित्ता हुता तवा नाव घ्यायचं न्हवतं. 'अवं' म्हनायचं, 'ऐकलं का' म्हनायचं. गेला तवा वाटलं, आता घ्याया काय हरकत हाय. तर नुसतं नाव घेतलं की बाया म्हनायच्या, बिचारी. डोळं पुसायच्या. मला सांत्वन करीत बसावं लागायचं त्यांचं. उखान्यात घेतलं की हसत्यात. हसू द्या की. माझं नाव घिऊन झालेलं आसतंय."

धनूनं तिचा हात धरला.

"लुंगीवर लई हसत्यात," लंकाआत्या म्हणाली. "ती खरंच हुती दोरीवर. त्यानंच वाळत घातली हुती, त्या सकाळी. मी काढली आसती, तर त्यानं घातलेली राहिली नसती."

मी रडले. मला रडायला वेळ लागत नाही, हे मी आधीच सांगितलंय. पण ह्या खेपेला आवाज केला नाही. निळ्या चौकड्या डोळ्यांसमोर होत्या, आणि मी धनूच्या वडलांना म्हटलेलं ते वाक्य. पुढं पंकजनं ड्रायव्हरला गाण्याचा आवाज बंद करायला सांगितला. तोही ऐकत होता.

"आत्या," मी म्हटलं, "नाव घ्या."

"सरलं म्हनलं न्हवं."

"उखाणा नको. नुसतं नाव."

तिनं माझ्याकडं पाहिलं, मग धनूकडं. तोंड उघडलं आणि मिटलं. त्या मोठ्या आवाजाच्या बाईचा आवाज कुठंतरी अडकला होता. आम्ही कुणीच तिला घाई केली नाही. राहुरीचे दिवे दिसायला लागले.

"सहादू," ती म्हणाली.

पुढं काही जुळवलं नाही. गाडीत कुणी हसलं नाही आणि कुणी बिचारीही म्हटलं नाही. थोड्या वेळानं तिनं ते पुन्हा एकदा घेतलं.